आईचे तीन रविवार

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आईसमोर आलं. तिने हात पुढे केला. शमुवेलकाकांनी ताट मागे ओढलं.

"सुमन, तू नाही. तीन रविवार गैरहजर. प्रभुभोजनाला शिस्त लागते."

शमुवेलकाका आमच्या अंबरनाथच्या मंडळीचे पंच. मागच्या बाकावरून एक काकू म्हणाल्या, "पदर बघा कपाळापर्यंत, आणि पाय काही चर्चपर्यंत येत नाहीत." दोघीतिघी हसल्या. आईने हात पदराखाली घेतला. ताट माझ्याकडे आलं. मी तुकडा उचलला आणि खाल्ला. त्याची आजही लाज वाटते.

ते तीन रविवार आई कुठे होती? शमुवेलकाकांच्याच घरी, कुळगावला. ती आयाचं काम करते. काकांच्या आईला लकवा मारलाय. रविवार खरं तर सुट्टीचा. पण काकांनीच फोन केला होता, "रविवारी पण ये. आम्हाला प्रभूच्या घरी जायचं असतं." ते इकडे पांढऱ्या शर्टात गाणी गात होते, तेव्हा आई तिकडे आजींची घाण काढत होती. पाठीच्या जखमा पुसत होती. चमच्याने पेज भरवत होती. आजी घाबरल्या की हात धरून प्रार्थना करत होती.

घरी आई एवढंच म्हणाली, "जाऊ दे गं. देवाला दिसतं."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. उत्तर येत असलं तरी मी वर्गात हात वर करत नाही. पण त्या आठवड्यात डोक्यात एकच होतं. देवाला दिसतं, तर माणसांनाही दिसू दे. पुढच्या रविवारी आई कामाला येणार नाही, हे मी काकांना आदल्या दिवशीच कळवलं. तिला चर्चला घेऊन गेले.

साक्षीच्या वेळी, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायच्या वेळी, पाळकसाहेब म्हणाले, "बेटा, कॉलेजची परीक्षा पास झालीस. प्रभूचे आभार मान."

उभी राहिले.

"ते तीन रविवार माझी आई शमुवेलकाकांच्या घरी होती. त्यांच्या आईला धूत होती. त्यांनीच बोलावलं होतं."

मागच्या काकूंनीच विचारलं, "मग आज म्हातारीजवळ कोण आहे?"

काका बायकोकडे बघायला लागले. ती म्हणाली, "झोपलीये ती. कुलूप लावून आलोय. तासाभराचा तर प्रश्न."

आई ताडकन उठली. "भुकेल्या असतील त्या."

मी तिचं मनगट धरलं. "आज ते जातील."

ते गेले. भर उपासनेतून, मान खाली घालून. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आई मात्र आजींसाठी रडत होती. काकांचे उपास चोख, वचनं तोंडपाठ. आईला धड वाचता येत नाही. देव कोणाजवळ राहतो, हे मला त्या बाकावर कळलं.

आता पाळकसाहेबांचा निरोप आलाय. भर उपासनेत बोललीस त्याचं माफीपत्र लिही आणि काकांना क्षमा कर, नाहीतर मंडळीतून नाव कमी होईल.

क्षमा कोणी मागितलेलीच नाही. मी देणार नाही. माफीपत्रही लिहिणार नाही. नाव कमी करायचं तर खुशाल करा, पण भर मंडळीत कारण वाचून करा. मी पहिल्या बाकावर बसून ऐकेन. जे गाळाल, ते उठून मी सांगेन.