परवानगी एका दिवसाची

पनवेलमध्ये ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या आमच्या गल्लीतल्या दुकानात एक जाड वही आहे. गिऱ्हाइकाचं नाव, मोबाइल नंबर, पासवर्ड. लोक आपणहून लिहून देतात, विसरलं तर तिथं सापडतं म्हणून. मीही दिला होता. आणि मी म्हणे सायबर जागृतीची पत्रकं वाटते.

नेऱ्याकडच्या वाडीतल्या एका कातकरी मुलीचा नर्सिंगचा अर्ज याच दुकानातून गेला. आठवड्याभराने दुकानदार तिला न विचारता तिच्या खात्यात शिरला, पसंतीक्रमात सरकारी कॉलेज खाली ढकललं आणि ओळखीचं खाजगी कॉलेज वर आणलं. तिथली फी अख्ख्या वाडीला झेपली नसती. जागा गेली.

"भलंच केलं तुझं," तो म्हणाला. "सरकारीत तुमचा नंबर कुठे लागतो?"

मी तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदाराने मान वर न करता विचारलं, "पासवर्ड कोणी दिला?"

"मीच," ती म्हणाली.

"मग तक्रार कसली?"

मी दुकानदाराच्या अटकेची मागणी करणारं पत्रक काढलं. त्याने ते शांतपणे वाचलं. "ताई, अक्षर बारीक पडलंय."

मग कुठे मी कायदा उघडला. माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ४३. परवानगीशिवाय कोणी असं शिरलं, तर ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मागता येते, राज्याच्या आयटी सचिवांपुढे. त्यासाठी हवालदाराची मर्जी लागत नाही. ठाण्याच्या भिंतीवर 'ओटीपी सांगू नका' असतं, हे नसतं. लुटलेल्याला उपदेश फुकट मिळतो. हक्क त्याने स्वतः हुडकायचा.

पण पासवर्ड दिला होता, त्याचं काय? मी पेन चावत बसले. तीच म्हणाली, "मालकानं एक दिस भात कापाया बोलावलं. दुसऱ्या दिशी न इचारता मी शेतात शिरली तर चालंल त्याला?"

तक्रारीत हे वाक्य मी तसंच घातलं. एवढं नेमकं माझ्या एकाही पत्रकात नव्हतं.

जागा यंदा परत मिळणार नव्हती. गेलेल्या वर्षाची भरपाई तेवढी मागायची होती, आणि त्यासाठी तिच्या खात्यातली लॉगिनची नोंद हवी होती. मी सवयीने विचारलं, "पासवर्ड सांग."

तिने माझ्या हातातला फोन घेतला. "नाय. मी टाकते. तुमी तिकडं बघा, ताई."