पाठ केलेला निबंध

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मी नववीत होते. आमच्या मुळशी तालुक्यात निबंध स्पर्धा निघाली. विषय होता 'बोलण्याचे स्वातंत्र्य आणि द्वेषाची भाषा'. सरांनी नेहमीप्रमाणे अख्खा निबंध फळ्यावर लिहून आमच्याकडून घोकून घेतला. 'प्रत्येकाने आपले मत निर्भयपणे मांडावे' हे वाक्य आम्ही चाळीस जणांनी छडीच्या धाकानं पाठ केलं!

माझ्या शेजारी डोंगरावरच्या वाडीतली मुलगी बसायची. भातलावणीमुळे ती आठवडाभर शाळेत नव्हती. ऐन स्पर्धेच्या दिवशी तिनं विचारलं, "मी काय लिवू?"

"लिव सुचंल ते," मी म्हटलं. मनात म्हटलं, चला, एक जण कमी झाली.

निकाल लागला. आमचे सगळे निबंध एकसारखे म्हणून बाद, आणि तिचा पहिला! माझा नुसता तिळपापड झाला. त्या दिवशी भाकरीही गोड लागली नाही.

सरांनी तिला निबंध वर्गात वाचायला लावला. वाडीपासून शाळेपर्यंत येताना तिला कुठं काय ऐकावं लागतं, एवढंच तिनं लिहिलं होतं.

"गिरणीपाशी म्हनत्यात, लांब हुबी ऱ्हा, पिठाला शिवू नगं. हिरीपाशी म्हनत्यात, आली बघा चोराची पोर."

कोण असं बोलतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. वर्ग खिदळायला लागला. मीही.

"बाकावर म्हनत्यात, सरक तिकडं, तुज्या कपड्याला धुराचा वास येतुया."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या बाकावर आम्ही दोघीच बसायचो.