जावळ काढलं त्या दिवशी

माझा भाऊ खंडोबाच्या जत्रेत, मार्गशीर्ष अमावास्येच्या दुपारी, साडेबाराच्या सुमारास हरवला. तो साडेचार वर्षांचा होता, मी दहा वर्षांची. त्याआधीपर्यंत त्याचा हात माझ्या हातात होता.

आम्ही लातूरला राहत होतो. वडील शिक्षक, शेत आणि भाऊबंद चाकूरजवळच्या गावी. जत्रा नांदेड जिल्ह्यात, कंधारच्या बाजूला. दरवर्षी गावातून टेम्पो निघे. टेम्पोत राहायला पालाचं कापड, ज्वारीचं पीठ, सरपण आणि आम्ही. जत्रेत उंट असत, घोड्यांचा बाजार असे, एका फिरकीवाल्याकडे कागदाचा मोर मिळे. रेवड्यांच्या राशींवर माशा बसत आणि तरी त्या आम्हाला हव्या असत. शाळेच्या निबंधात मी चार वर्षं आवडता दिवस म्हणून जत्राच लिहिली. त्या वर्षानंतर लिहिली नाही.

त्या वर्षी आम्ही भावाचं जावळ काढायला गेलो होतो. माझ्यानंतर आईची दोन मुलं गेली. तिसरं जगलं तर पाचव्या वर्षात देवाच्या दारी जावळ काढू, तोवर केसाला कात्री लावणार नाही, असा तिचा नवस होता. त्यामुळे भावाचे केस पाठीपर्यंत आले होते. रोज सकाळी मी त्याच्या दोन वेण्या घालत असे, लाल रिबिनी लावून. दृष्ट लागू नये म्हणून त्याचं नावही कुणी घेत नसे. घरात आणि गल्लीत तो नुसता 'बाळ'. शाळेत घालायचं म्हणून वडिलांनी एक नाव ठरवलं होतं, ते फक्त कागदावर होतं.

सकाळी दहाला मामानं त्याला मांडीवर घेतलं. पहिली बट मामानं कापली, पुढचं न्हाव्यानं उरकलं. भाऊ रडला नाही. केस कुठे चालले, एवढंच त्यानं विचारलं.

"देवाला," मामा म्हणाला. "देव टकला हाय, त्याला पायजेत."

आईनं मामाला दटावलं आणि स्वतःच हसली. केस खणात बांधले, डोक्याला भंडारा फासला. रिबिनी मी सोडून घेतल्या होत्या. त्या हरवू नयेत म्हणून मनगटाला गुंडाळल्या.

बारानंतर आई नैवेद्याच्या स्वयंपाकाला बसली. मी भावाला घोडे दाखवायला नेलं. एका व्यापाऱ्यानं चाल दाखवायला पांढरा घोडा सोडला. माणसं एकदम मागे सरकली. मी पडले. उठले तेव्हा माझा हात रिकामा होता. मधे किती वेळ गेला, सांगता येत नाही. घोडा अजून वळला नव्हता, एवढं आठवतं.

मी त्याला शोधायला लागले. वेण्या शोधत होते. वेण्यांची मुलं दिसली की धावत जायचे, चेहरा बघायचे, पुढे जायचे. दोन मुलींना मी खांद्याला धरून वळवलं. एकीच्या आजीनं मला थोबाडीत मारली.

पालावर परतले तेव्हा आईच्या हातात भाकरी होती. "बाळ कुटाय?" तिनं विचारलं. मी मागे वळून गर्दीकडे पाहिलं. तिनं ती भाकरी तव्यावर टाकली, नीट पसरली आणि मग उठली. ती भाकरी तव्यावरच जळाली.

हरवलेल्यांची नावं पुकारायला मंदिराच्या बाजूला एक मांडव होता. बाहेर खांबावर दोन भोंगे, आत खुर्चीवर एक माणूस. त्याचा आवाज बसलेला होता. त्यानं वर्णन विचारलं.

"दोन वेण्या हायत," आई म्हणाली. "लाल रिबिनी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी होय म्हणून मान हलवली. वडिलांनी खिशातला पेन काढून कागदावर नाव लिहून दिलं, ठरवलेलं, पूर्ण, आडनावासकट. मामा मागे उभा होता. जावळ काढताना आम्ही चौघंही तिथे होतो, जेमतेम तीन तास झाले होते. वेण्या आता नाहीत, हे चौघांपैकी एकालाही सुचलं नाही.

पहिला पुकारा सव्वा वाजता झाला. मग दर दहा मिनिटांनी. 'दोन वेण्या, लाल रिबिनी.' लोक मदत करत होते. दोन वाजता एक म्हातारा एका मुलीला कडेवर घेऊन आला. तिला वेण्या होत्या, रिबिनी लाल होत्या.

"घ्या तुमचं पोरगं."

"ती पोरगी हाय, बाबा," मामा म्हणाला.

"मला काय म्हाईत? तुमीच दोन येन्या म्हनलाव."

मुलीची आई म्हाताऱ्याच्या मागे ओरडत आली. मांडवातली माणसं हसली. मामाही हसला. वडिलांनी त्याची कॉलर धरली. एवढी वर्षं झाली, वडिलांनी कुणाच्या अंगाला हात लावल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं.

तीनच्या पुढे विहिरीचा विषय निघाला. जत्रेच्या खालच्या अंगाला एक जुनी, कठडा नसलेली विहीर होती. मामा आणि आणखी दोघं गळ घेऊन गेले. आई जायला निघाली, तेव्हा बायकांनी तिला धरून बसवलं. ती जमिनीवर हात आपटत होती आणि एकच वाक्य म्हणत होती. "केस दिले की रे तुला. केस दिले की." देवाला म्हणत होती. ते वाक्य मी किमान वीस वेळा ऐकलं. त्यात काय आहे, हे मला तेव्हाही कळलं नाही.

मामा परतला. विहिरीत काही सापडलं नव्हतं. "पानी लई हाय," तो वडिलांना म्हणाला. "गळ तळाला जाईना."

आईनं हात आपटणं थांबवलं. मी तिच्यासाठी पेल्यात पाणी आणलं. पेला धरताना तिनं माझं मनगट पाहिलं.

"ह्या रिबिनी तुझ्या हातात कशा?"

"सकाळी सोडल्या," मी म्हणाले. "केस काढताना."

पेला खाली पडला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

पुकारणाऱ्यानं ऐकून कपाळाला हात लावला. "ताई, टक्कल आणि भंडारा? आज ह्या जत्रंत टक्कल नसलेलं पोरगं दावा मला." वडील त्याला पुन्हा ते नाव वाचायला सांगत होते. मामा ओरडला, "दाजी, ते नाव त्याला ठावं तरी हाय का? कधी हाक मारली तुमी त्या नावानं?" वडिलांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

आईनं पुकारणाऱ्याच्या हातातून माइक घेतला. तिनं त्याआधी कधी माइक हातात धरला नव्हता. तो तोंडाला लावून ती म्हणाली, "बाळ. बाळ रे. माय बोलायलेय. तुझे केस काढले बघ सकाळी, मामानं. त्योच तू. आक्का रडायलीय. ये." मग पुन्हा तेच. किती वेळा, ते मोजलं नाही. पुकारणाऱ्यानं तिला थांबवलं नाही.

पावणेपाचला एक बाई मांडवात आली. ती हदगावकडची, मांडवाच्या मागे बैलगाडी सोडून बसलेल्या कुटुंबातली. तिच्या कडेवर माझा भाऊ होता. झोपेतून उठलेला, तोंडाला गूळ लागलेला. आईनं त्याला घेतलं आणि त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले. मग ती खाली बसली.

वडिलांनी त्या बाईला विचारलं, पुकारा ऐकू येत नव्हता का.

"येत व्हता की," ती म्हणाली. "कान किटले. म्या दोनदा इचारलं त्येला, तुलाच बोलवायलेत का रं? तर म्हनला, न्हाई, त्या पोराला येन्या हायत. मला न्हाईत. मंग म्या म्हनलं, तुजी मानसं येतील हुडकत, निज."

बैलगाडीपासून भोंग्याच्या खांबापर्यंतचं अंतर मामानं त्याच संध्याकाळी चालून मोजलं. पस्तीस पावलं भरली.