पाकिटातली सोन्याची पुडी

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आयर्लंडमध्ये चौदा वर्षं काढल्यावर माझा तर हवामानाच्या अंदाजावरही उरलेला नाही. तरी हे लिहितोय...

आई मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे ॲथलोनला आली होती. इथेच, हॉस्पिटलमध्ये गेली. येताना तिने कागदाच्या पुडीत सोन्याचा मणी आणला होता. "वेळ आलीच तर तोंडात घाल. विसरशील मेल्या, म्हणून आत्ताच देते."

विसरलो नाही. पुडी खिशातच होती. पण समोर नर्स उभी — तिला काय वाटेल? पन्नाशीचा घोडा मी, आणि लाजलो. आई तशीच गेली. पुडी पाकिटात राहिली. हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

मे महिन्यात बायको, मेधा, म्हणाली, "किती दिवस तोंड पाडून बसणार? चल जरा." म्हणून विक्लोमधल्या एका जुन्या गावी गेलो. एकेकाळी तिथे सोन्याची खाण होती. दुपारचे दोन, चक्क ऊन. जुन्या भागात खाणकामगारांची बुटकी दगडी घरं, सोनं पारखायचं बंद पडलेलं ऑफिस... मी प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होतो.

"बाबा, वी कॅन रीड," आमची ईरा म्हणाली.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारी आयरिश बाई कुंड्यांना पाणी घालत होती. मला बघून म्हणाली, "आईला शोधतोयस ना? आत्ताच नदीकडे गेली."

"कोणाच्या आईला?"

"तुझ्याच की, लव्ह. नाक तेच आहे. साडीवर निळा रेनकोट, पायात पुरुषी बूट."

आई इथे माझेच जुने बूट घालायची. मेधाने माझा दंड घट्ट धरला.

"काही बोलल्या का त्या?" तिने विचारलं.

"नाही गं. चहा विचारला, तर नुसती हसली. तोंडात काहीतरी होतं तिच्या... गोळी असेल. फार जपून धरली होती. बाकी ग्रँड होती." इथे 'ग्रँड' म्हणजे छान, मजेत.

ईरा नदीपर्यंत पळत जाऊन आली. कोणी नव्हतं.

दुसरी कोणी भारतीय बाई असेल, लिमलेटची गोळी असेल — इंजिनिअर माणूस, मला एवढंच सुचतं. बुटांचं मात्र काही सुचत नाही.

परतताना गाडीत मेधाला सगळं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "अहो, पुडी उघडून बघा की."

नाही उघडली. आजपर्यंत नाही. आत मणी निघाला, तर आई तशीच गेली, हे नक्की होईल... "बाकी ग्रँड होती," असं ती बाई म्हणाली ना? सध्या तेवढ्यावर चाललंय.