पहिला तोडा

काल जुहूच्या हॉटेलात वाइनचा ग्लास नाकाशी नेला आणि वाकोल्याची आमची खोली आठवली. शहाऐंशीच्या सुमाराला नाशिककडच्या डोंगरातून मामा आला होता. द्राक्षांचा पहिला तोडा बहिणीला द्यायचा, म्हणून पेटी घेऊन. द्राक्षं बारीक, काळी, जाड सालीची आणि नुसत्या बिया.

"दाजी, ही खायची नाहीत, वाइनची आहेत."

"मग बहिणीला दारू गाळायला लावतोस काय? खा आता तूच," बाबा म्हणाले.

शेजाऱ्यांसमोर मामाने घडामागून घड संपवले. आई स्टोव्हकडे तोंड करून उभी होती. गावी परतून त्याने वेली उपटल्या. आज तो अख्खा डोंगर द्राक्षांचा आहे, मामाचं रान सोडून.

काल बाबा वेटरला कौतुकाने सांगत होते, "आमच्या सासुरवाडीची वाइन आहे ही."