खिडकीतून टाकलेला रुमाल

"मरायचं नाय, नुसतं अडकायचं!" असं म्हणून आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या मॅडम पडद्यावर टिचकी मारायच्या. क्लास पनवेलच्या एसटी स्टँडसमोर, मिठाईच्या दुकानाच्या वर. चपला बाहेर काढून आत जायचं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माऊसला मनातल्या मनात नमस्कारही करायचे.

तुम्ही गोळीबाराचे गेम पाहिले असतील. मॅडमना ते मुळीच आवडत नसत. चित्रात फिरायचं, वस्तूंवर क्लिक करायचं, कोडी सोडवायची, कुणी मरत नाही, फार तर अडकतं, असले गेम त्यांचे लाडके. त्यातही मतं कडक. एका गेममध्ये कुलूप उघडायला केळं लागलं, तेव्हा त्या उसळल्याच. "केळ्यानं कुलूप? बनवणाऱ्याला माझ्या आईकडं पाठवा!" त्यांचं म्हणणं, उत्तर कळल्यावर माणसानं स्वतःच्या कपाळावर हात मारावा, बनवणाऱ्याच्या नाही.

शेवटी त्यांनी स्वतःच एक गेम बनवला. चित्रंसुद्धा माऊसनेच काढलेली. आमचाच स्टँड, गच्च भरलेली एसटी, हातात सामानाची एक पिशवी, आणि आत जागा मिळवायची, एवढंच. ज्याच्यावर क्लिक करावं ते बोलायचं. कुत्रा म्हणायचा, "झोपू दे की!"

मुंबईच्या एका कंपनीचे साहेब तो गेम बघायला गाडीने आले. आवडला तर मॅडमना नोकरी. आम्ही मागे श्वास रोखून उभे.

साहेबांनी कंडक्टरवर क्लिक केलं, ड्रायव्हरवर केलं, कुत्र्यावर तर पुन्हा पुन्हा. जागा काही मिळेना.

"कठीण आहे हो," ते म्हणाले आणि घाम पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला.

आम्ही सगळे किंचाळलोच!

"कुणी सांगायचं नाय!" मॅडमनी डोळे वटारले.

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं, मग हातातल्या रुमालाकडे. गेममधल्या पिशवीत एक रुमाल होता. त्यांनी तो उचलून एसटीच्या खिडकीतून आत टाकला. जागा धरली गेली! आणि साहेबांनी खाडकन स्वतःच्या कपाळावर हात मारला. मला इतकं हसू आलं, की मी खालीच बसले.

मॅडम नोकरीसाठी मुंबईला निघाल्या, तेव्हा दादरची एसटी तुडुंब होती. मी धावत जाऊन खिडकीतून माझा रुमाल आत टाकला. मॅडम बसल्या, एसटी हलली, आणि त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"अगं, तुझा रुमाल!"

"असू दे मॅडम," मी पळता पळता ओरडले, "माझ्यासाठी जागा धरून ठेवा!"