फिरली म्हणजे गेली

बॅटरी काचेच्या काउंटरवर आडवी ठेवायची, दोन बोटांनी तिला गिरकी द्यायची आणि मान हलवत म्हणायचं, "फिरली. म्हणजे गेली." भोरच्या एसटी स्टँडजवळ मोबाईलचं दुकान थाटून बसलेल्या त्या गृहस्थाची सगळी विद्या एवढीच. फुगलेली बॅटरी सपाट काचेवर फिरते, हे खरं. पण हा बोटांचा असा झटका द्यायचा की धडधाकट बॅटरीसुद्धा फिरायची. तुम्ही शेजारी उभे असता तर तुमच्या पहिल्यांदाच लक्षात आलं असतं. मला तीन बॅटऱ्या लागल्या.

मी तेव्हा वेल्ह्याच्या डोंगरांत, खाली दरीतल्या एका उपकेंद्रात नर्स होते. आमच्याकडे मोबाईल नुकते दिसायला लागले होते. माझा फोन सकाळी पूर्ण चार्ज केला तरी दुपारी मेलेला असायचा. मग पुन्हा भोर, पुन्हा गिरकी. फोन कुठं वापरता, तिथं रेंज येते का, असं त्यानं एकदाही विचारलं नाही. वर ऐट अशी, "सिस्टर, तुमी माणसांचं बघता, आमी मोबाईलचे डॉक्टर." मी निदान कुठं दुखतंय एवढं तरी विचारते.

तिसरी बॅटरी आठ दिवसांची असताना वरच्या वाडीवर एक बाई अडली. मूल आडवं होतं. तिला तालुक्याला न्यायलाच हवं होतं. सासूला तिच्याजवळ बसवून मी खिंडीकडं पळत सुटले, कारण रेंज फक्त तिथंच यायची. खिंडीत पोचून फोन काढला. बंद. बटण किती वेळा दाबलं ते आठवत नाही. शेवटी तिचा नवरा पायी खाली गेला आणि जीप घेऊन आला. त्यात दोन तास गेले. बाई वाचली, मुलगी गेली.

परतताना जीपवाल्या शब्बीरचाचांनी माझा फोन हातात घेतला.

"बाई, खाली दरीत रेंज न्हाई. ह्यो दिवसभर टावर हुडकत बसतोय, त्यातच बॅटरी संपती. खाली असताना बंद ठेवा, खिंडीत आला की चालू करा. आमी डायवर लोक तेच करतो."

मी तसं केलं. तीच बॅटरी तीन दिवस पुरली.

चौथ्या दिवशी मी भोरला गेले. त्यानं सवयीनं हात पुढं केला. मी बॅटरी दिली नाही. चाचांचं म्हणणं त्याला सांगितलं.

"व्हय, तसं हुतंय," तो म्हणाला. "वेल्ह्याकडच्या समद्यांचंच हुतंय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत हाय की. पण फोन बंद ठेवा म्हणून सांगितल्यावर बॅटरी कोण घेणार, सिस्टर?"

तो हसत होता. मग मी त्याला त्या मुलीबद्दल सांगितलं. तो काउंटरखाली वाकला आणि एक नवी बॅटरी काढून माझ्यापुढं ठेवली. "ही घ्या. पैसं नकोत."

तो माणूस नीच होता, असं मी अजूनही म्हणते. पण ती बॅटरी ठेवताना त्यानं तिला गिरकी दिली नाही, हेही सांगायला हवं. मी ती तिथंच टाकून निघाले आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाही. पुढं ते दुकान बंद पडलं, तो भोर सोडून गेला. कुठं गेला ते मी कुणाला विचारलं नाही.

तो जाण्याआधी काही महिने एक आजोबा उपकेंद्रात आले होते. मुलीला कळवायचं होतं, म्हणून त्यांनी बंडीतून फोन काढला. तो बंद होता.

"दरीत बंद ठिवायचा, बाई. खिंडीत गेलो की लावतो," ते म्हणाले. "भोरच्या दुकानदारानं लई समजावून सांगितलं."

मी त्यांचा फोन हातात घेतला. मग विचारलं, "आणि बॅटरी?"

"ती बी नवी घातली त्यानं. म्हनला, फिरली म्हंजी गेली."